आप्पांची सीट

गाडी उघडताच सीट पुन्हा पुढं सरकली. गाडीत कुणी नव्हतं आणि मी अजून हातही लावला नव्हता. सीट स्टेअरिंगला पार टेकायला आली, वर उचलली गेली, मग डावीकडचा आरसा हळूच जमिनीकडं वाकला. दारात चहा घेऊन आलेल्या आक्का शांतपणे बघत होत्या. त्यांचा मुलगा नितीन मात्र दोन पावलं मागं सरला.

"बघितलं ना काका? आप्पा बसले."

मी कळंबचा गाड्यांचा वायरमन. भुतावर माझा विश्वास नाही, उंदरांवर आहे. गाडीतली निम्मी भुतं वायर कुरतडणारे उंदीरच असतात. पण ही गाडी कोरी होती, आणि खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला.

वारूळवाडीत परदेशी स्पोर्ट्स कारचं शोरूम आहे म्हटलं की पुण्यातले लोक आजही हसतात. आप्पा मूळचे ट्रॅक्टर दुरुस्त करणारे. एका द्राक्षबागाईतदाराच्या हट्टापायी त्यांनी मुंबई बंदरातून, कस्टमचे सोपस्कार करून, पहिली गाडी सोडवून आणली. दोन माणसांची, स्पीडब्रेकरला पोट घासणारी. गाव लई हसलं. मग टोमॅटोला भाव लागला आणि हसणारेच दारात आले. आप्पा गाडी आणायचे, मुलगा नितीन विकायचा, बायको आक्का गिऱ्हाइकाला चहा द्यायच्या. रिवाज एकच. नव्या गाडीत आधी आप्पा बसणार, एक चक्कर मारणार, मगच चावी गिऱ्हाइकाच्या हातात. माणूस बुटका, म्हणून सीट पार पुढं. डावा आरसा खाली, रस्त्याची कड दिसायला हवी म्हणून.

ही लाल गाडी बोटीत असतानाच आप्पा गेले. त्यांनी ती कधी पाहिलीही नव्हती.

निरगुडसरचे एक बागाईतदार ती घ्यायला दोनदा आले, दोन्ही वेळा सीट सरकली आणि दोन्ही वेळा ते चहा टाकून गेले. आज संध्याकाळी शेवटचं येणार होते. आज गाडी गेली नाही तर शटर कायमचं खाली, असं नितीननं ठरवलं होतं. जागा कांद्याच्या गोडाऊनसाठी मागायला माणसं येऊन गेली होती.

मी स्कॅनर लावला. हे यंत्र गाडीची नाडी बघतं. फॉल्ट एकही नाही. अशा गाड्यांत प्रत्येक चावीची मेमरी वेगळी असते. त्या चावीवाल्यानं सीट-आरसे शेवटचे जिथं ठेवले, तिथं ते गाडी उघडताच आपोआप जातात. चावी खिशात असली तरी गाडीला कळतं. नितीनच्या हातात एक नंबरची चावी होती. स्कॅनर म्हणत होता, सीट दोन नंबरच्या चावीनं बोलावली.

"दुसरी तर घरात कपाटात हाय," नितीन म्हणाला.

मी आक्कांना मागच्या घरात पाठवलं. गाडी बंद करून उघडली. सीट जागची हलली नाही. आक्कांना परत बोलावलं, पुन्हा उघडली. सीट सरकली, आरसा वाकला.

"आक्का, पदराला काय बांधलंय?"

त्यांनी गाठ सोडली. दोन नंबरची चावी.

"नितीन जेवाया गेला की मी गाडीत बसते," त्या म्हणाल्या. "त्यांची सीट कुटं असायची मला ठावं हाय. ते बसले न्हाईत अशी एकबी गाडी या दारातनं गेली न्हाई."

नितीन पायरीवर बसला आणि ढसाढसा रडला. भूत नव्हतं, मला हायसं वाटलं. मी सांगितलं, मेमरी पुसावी लागेल, नाहीतर गाडी विकली जायची नाही.

"पुसली तर त्यांनी बसायचं कुटं?"

शेवटी नितीनच म्हणाला, आई, आज त्यांच्या जागी तू चक्कर मार, मी चालवतो. आक्कांनी चावी माझ्या हातात दिली. मी दोन्ही मेमऱ्या पुसल्या आणि ती चावी घेऊन पार रस्त्यापलीकडं जाऊन उभा राहिलो. आता गाडीतलं काही हलायचं कारण उरलं नव्हतं.

नितीननं गाडी उघडली. सीट गप्प. तो बसला, शेजारी डावीकडं आक्का बसल्या. नितीनचे दोन्ही हात स्टेअरिंगवर, आक्कांचे मांडीवर. आणि डावा आरसा हळूच जमिनीकडं वाकला.

मी रस्ता ओलांडून काचेपाशी गेलो. "आक्का, सीट लावताना आरसापण तुमीच खाली केलता ना?"

"मला आरशातलं काय कळतंय? मी निस्ती सीट पुढं घेतली व्हती."

नितीननं गाडी सावकाश बाहेर काढली, रस्त्याच्या कडेकडेनं, अगदी आप्पा चालवायचे तशी. चक्कर मारून ते आले तेव्हा आरसा सरळ होता.

संध्याकाळी बागाईतदार आले. बसले, हसले, गाडी घेऊन गेले. शोरूम आजही चालू आहे. जॉब कार्डवर मी लिहिलं, दोष आढळला नाही.

तेव्हापासून कुठल्याही गाडीला स्कॅनर लावायच्या आधी मी घरातल्या सगळ्या चाव्या गोळा करायला सांगतो. त्यातूनही एखादी उरलीच, तर तिच्या मागं लागत नाही.