माझ्याच हाताखाली झोपणारा लॅपटॉप

२२ ऑगस्ट. काम एकच होतं, लॅपटॉपला जागं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी उमरग्यात तालुक्यातल्या विज्ञान शिक्षकांपुढं मला पाठ घेऊन दाखवायचा होता, आणि हा गडी दोन ओळी टाइप केल्या की डोळे मिटायचा. बटण दाबलं की जागा, हात टेकवला की पुन्हा काळा पडदा. आमच्या शाळेतल्या एका सरांनी नवा लॅपटॉप मागितला तेव्हा "आधी आहे तो वापरायला शिका" असं मीच सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. ते सर उद्या पहिल्या रांगेत बसणार होते.

मी पद्धतशीर बाई आहे. निदान इतरांना तसं सांगते. किती वेळानं झोपायचं, तिथं 'कधीच नाही' केलं. चार्जर बदलला. इन्व्हर्टरवर संशय घेऊन प्लग दुसरीकडं लावला. झाकण मिटल्यावर काय करायचं, ही सेटिंग तेवढी सोडली. झाकण तर डोळ्यांसमोर सताड उघडं होतं.

त्याआधी उमरग्यातल्या दुरुस्तीवाल्यालाही दाखवून झालं होतं. "मॅडम, दिवसभर पिक्चर लावून ठेवला, एकदाबी झोपला न्हाय. तुमच्याच हातात कसा काय झोपतोय?"

"पिक्चर बघणं आणि काम करणं यात फरक असतो," मी म्हणाले आणि तावातावानं लॅपटॉप उचलून आणला.

घरी नवऱ्यानं भर घातली. "तुझ्या तासाला पोरं झोपतात, त्या यंत्राचा काय दोष?"

"आधी भाकरी थाप, मग उठव त्याला," सासूबाई म्हणाल्या.

पिठात हात घालायचा म्हणून डाव्या हातातलं कडं काढून फळीवर ठेवलं. कडं चुंबकाचं. मनगट दुखतं म्हणून सासूबाईंनी तुळजापूरहून आणलेलं. वर्गात कुणाच्या हातात असलं काही दिसलं की मी "पुरावा काय?" विचारते, त्यामुळं शाळेत ते ड्रेसच्या लांब बाहीखाली असायचं.

भाकरी झाल्यावर हात धुऊन बसले, तर अर्धा पाठ एका बैठकीत झाला. माझ्याच उपायांना यश आलं म्हणून नवऱ्याला हाक मारली, ऐटीत कडं चढवलं आणि हात टेकवला. पडदा काळा. कडं काढलं, चालू. घातलं, बंद. नवरा दारात उभा राहून बघत होता.

झाकण मिटल्याचं लॅपटॉपला झाकणातल्या चुंबकावरून कळतं. माझं मनगट टेकलं की त्याला वाटायचं, बाईंनी झाकण मिटलं. चुंबकाचा धडा मी दरवर्षी शिकवते.

सासूबाईंना सांगितलं तर त्या खूश. "बघ! त्यानं काय होत न्हाय म्हणत होतीस ना? एवढं मशीन बंद पाडलं की."

झाकणाची ती सोडलेली सेटिंग बदलून पाहिली, तरी पडदा काळा पडायचाच. सरळ उपाय म्हणजे कडं घरी ठेवणं. पण मनगटाला बरं वाटत होतं, आणि त्याला पुरावा काय ते मला कुणी विचारू नये. लॅपटॉपच्या उजव्या बाजूला कडं टेकवून पाहिलं, तिथं काहीच होत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडं उजव्या हातात घातलं, बाही खाली ओढली आणि उमरग्याची एसटी पकडली. दुखत होतं ते मनगट डावं.