हळकुंडाची शुश्रूषा

वासणा भागातल्या त्या सोसायटीत कुणाचा गुडघा फुटला की पहिली बेल वाजायची ती मृदुलाताई सबनीसांच्या दारावर. बाईंनी उभा जन्म इस्पितळात ड्रेसिंग करण्यात घालवलेला. जखमेला त्या घाबरत नसत. उलट जखमच हिला भिऊन लवकर भरते, असं त्यांचे यजमान मोहनराव म्हणत.

मोहनराव रिफायनरीतून निवृत्त झालेले. बायपासनंतर त्यांनी दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची भलीमोठी काचपेटी मांडली आणि जीव लावला तो एका पिवळ्याधमक माशावर. त्याचं नाव हळकुंड. "गोळी घेतली? थकलात का? पाय वर घ्या" हा बाईंचा जप सुरू झाला की गृहस्थ स्टूल उचलून पेटीसमोर जाऊन बसत. तिथे त्यांना कुणी काही विचारत नसे. बाईंना ते लागायचं, पण म्हणून विचारणं काही थांबलं नाही.

गौरी ऐन तोंडावर आल्या असताना मोहनरावांना भावाच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जावं लागलं. निघताना म्हणाले, "आरास कशीही कर. हळकुंडाला जप म्हणजे झालं."

पेटी नेमकी गौरींच्या शेजारी. सगळी आरास झगमगतेय आणि मध्येच ही काच मख्ख उभी, हे बाईंना कसं खपावं? त्यांनी उघडझाप करणाऱ्या दिव्यांची माळ पेटीभोवती गुंडाळली आणि बटण दाबलं. हळकुंड बिथरलं. काचेवर आपटलं, तिथून खडकावर. माळ बंद करेपर्यंत त्याची कूस खरवडली होती आणि शेपटी फाटली होती.

बाई लगेच कामाला लागल्या. या माशाच्या शेपटीच्या बुडाशी काटा असतो, जाळी लावली तर अडकून आणखी फाटेल, हे नवऱ्याच्या तोंडून त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. त्यांनी प्लास्टिकचा डबा बुडवून हळकुंडाला पाण्यासकट अलगद उचललं. लहान पेटीत मोठ्या पेटीचंच पाणी घातलं, हवेचा पंप आणि हीटर लावला, लपायला पाइपाचा तुकडा ठेवला आणि वरून चादर टाकली.

दर्शनाला आलेल्या शेजारच्या गुजराती शिवांगीबेन हळहळल्या. "मृदुलाबेन, थोडी हळदर नाखो ने!"

"नको हं. पी हळद नि हो गोरी, असं नसतं. पाणी तेवढं नासेल."

खरी परीक्षा पुढेच होती. रोज थोडं पाणी बदलायचं, तेवढंच खारट, तेवढंच कोमट. लाली पसरतेय का, पांढरी बुरशी धरतेय का, ते दुरून बघायचं आणि बाजूला व्हायचं. मलम नाही, पट्टी नाही. बाईंचे हात शिवशिवत. पहिल्या दिवशी त्यांनी काळजीपोटी दर थोड्या वेळाने चादर उचलली आणि दर वेळी हळकुंड दचकून पाइपावर आपटलं. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपली काळजीच त्याला लागतेय. मनाला फार लागलं ते. त्यांनी चादर खाली सोडली आणि जाऊन गौरींचा नैवेद्य रांधला.

गौरी गेल्या. एका सकाळी, तोवर कशालाच तोंड न लावणाऱ्या हळकुंडाने शेवाळाचा पापुद्रा टराटरा ओढून खाल्ला, तेव्हा मृदुलाताई पदरात तोंड लपवून रडल्या.

मोहनराव परतले तेव्हा हळकुंड मोठ्या पेटीत फिरत होतं. चपला काढायच्या आधीच त्यांना कुशीवरचा काळपट वण दिसला.

"काय झालं याला?"

"माझी हौस नडली. दिव्यांना भ्यायलं," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "आता बरं आहे. जखम मी बघितलीय."

"औषध काय दिलंस?"

"स्वच्छ पाणी. आणि एकटं सोडलं."

मोहनराव स्टुलावर टेकले. प्रवासाने त्यांचे पाय सुजले होते. बाईंना ते दिसलं, शब्द ओठांवर आले. त्यांनी ते गिळले, चहाचा कप त्यांच्या हाती दिला आणि दुसरं स्टूल ओढून मुकाट्याने शेजारी बसल्या.

"आज काही विचारलं नाहीस?"

"नाही."

मोहनरावांनी चहा संपवला. मग समोरची तिपाई जवळ ओढली आणि आपणहून पाय वर घेतले.