सरजाबाई कठड्याशी जात नाही

सरजाबाईचे दोन्ही गुडघे गेले ते नाताळच्या सुमाराला. परभणीच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, मावशी, आता मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, अन् गुडघे टेकायचे तर अजिबातच नाही. मांडी तिनं सोडली. नीलमनं, म्हणजे सुनेनं, उभ्यानं भाकरी थापता यावी म्हणून ओटा करून घेतला. पण गुडघे टेकायचे नाहीत तर प्रभुभोजनाचं काय, हे डॉक्टरला विचारायची सोय नव्हती.

ताडकळसच्या अलीकडं त्यांचं दगडी चर्च आहे. निजामाच्या काळात मिशनच्या गोऱ्या पाद्र्यानं बांधलेलं. मंडळी थोडी, पण पद्धत जुनी. नव्या प्रार्थनाघरांत टाळ्या अन् ड्रम वाजतात, इथं अजून प्रार्थनापुस्तक उघडून एक ओळ पाळकसाहेबांनी म्हणायची, दुसरी मंडळीनं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन. वेदीपुढं सागवानी कठडा आहे, त्याच्याशी सगळ्यांनी ओळीनं गुडघे टेकायचे, ओंजळीत भाकरीचा तुकडा घ्यायचा अन् द्राक्षरसाच्या एकाच प्याल्याला ओठ लावायचे.

सरजाबाईचं पोरपण ह्याच चर्चच्या आवारात गेलं. इथंच बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून तिचं दृढीकरण केलं, म्हणजे तिला प्रभुभोजनाला यायची मोकळीक मिळाली. लग्नानंतर मिशनच्या वसतिगृहात पोरींचा स्वयंपाक केला, वसतिगृह बंद पडल्यावर शेतात रोजानं गेली. नवरा मुंजाजी वारला त्या वर्षीसुद्धा नाताळ अन् ईस्टरला ती कठड्याशी होती. वेदीवरची कापडं धुऊन इस्तरी करायचं काम तिच्याकडं, ते कुणी दिलेलं नाही, सासूकडून आलेलं.

पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी भाकर अन् प्याला बाकापाशी आणला असता. म्हाताऱ्या लिंबाजीला आणत होतेच. पण लिंबाजीला ऐकू येत नाही, दिसत नाही, त्याला दोघं धरून आणतात. आपल्याला त्याच्या रांगेत बसवतील हे सरजाबाईला सोसेना. नीलम म्हणाली, मग उभ्यानं घ्या.

"उभ्यानं? मी काय बसमधी तिकीट काढायलेय?"

त्यापेक्षा तिनं सोपं केलं. भोजनाचं गीत सुरू झालं की हळूच उठायचं, बाहेर व्हरांड्यात जायचं अन् मंडळीसाठी चहा ठेवायचा. जानेवारीत ठेवला, फेब्रुवारीत ठेवला.

तिच्या ध्यानात एक आलं नाही. त्या चर्चमध्ये भोजनाआधी पाळक जवळ बोलावतात ते शेजाऱ्याशी सलोख्यानं वागणाऱ्यांनाच. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी ती सोडवून यायचं, ही रीत. म्हणून दृढीकरण झालेलं माणूस कठड्याशी गेलं नाही की बायका एकमेकींकडं बघतात, हिचं कुणाशी वाजलं?

मार्चमध्ये सरजाबाई चहा ढवळत होती, तर चुलत जाऊ बायनाबाईही बाहेर आली. आत सगळे गुडघ्यांवर, अन् ह्या दोघी स्टोव्हपाशी. एकीनं साखर टाकली, दुसरीनं कप मांडले. हिचं कुणाशी वाजलं असेल, असं सरजाबाईच्याही मनात येऊन गेलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी सरजाबाई दुपारची जेवणं उरकून वेदीच्या कापडाला इस्तरी करत होती. उपवासकाळातलं जांभळं काढून उद्या पांढरं घालायचं होतं. सण तोंडावर आला अन् गुडघ्यांचं काही ठरलं नव्हतं, म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तेवढ्यात बायनाबाई दारात उभी राहिली.

"आक्का, मला माफ करा."

"कशाची माफी? बस आधी."

"बसत न्हाई. उद्या ईस्टर हाय. तुमी माझ्यामुळं कठड्याशी जाईनात, अन् तुमी जाईनात म्हणून मला जाववंना. बोलले ते चुकलेच मी."

"काय बोललीस?"

"तेच की, नाताळाला. वेदीचं कापड पिवळं पडलंय, सरजाआक्काला आता दिसत न्हाई, कुणीतरी ते काम काढून घ्या म्हनले."

सरजाबाईनं इस्तरी उभी केली. "असं म्हनलीस तू?"

"म्हंजी... तुमाला ठावं नव्हतं?"

"मला कोण सांगतंय! माझे गुडघे दुखायलेत म्हणून मी जाईना."

बायनाबाई बाजेवर बसलीच. "अगं बया! मग माझ्याशी तुमचं काहीच नव्हतं?"

"तवा नव्हतं. आता हाय."

स्वयंपाकघरात नीलमला हसू आवरेना. सरजाबाईला मात्र हसू आलं नाही. सासूच्या हातचं काम, अन् सगळ्या बायकांत तसं बोलली! ती कापड घेऊन उजेडाला दारात गेली.

"दाव कुठं पिवळं हाय."

"जाऊ द्या आक्का."

"दाव म्हनते न."

बायनाबाईनं काठाशी बोट ठेवलं. "हितं. प्याला ठेवतेत तितं."

सरजाबाईनं कापड लांब धरलं, जवळ धरलं. "मला न्हाई दिसत."

"तेच म्हनले होते मी," बायनाबाई हळूच बोलली.

सरजाबाईनं नीलमला हाक मारली. नीलमनं पाहिलं अन् बायनाबाईनं दाखवलं तिथंच बोट ठेवलं. ते पुरेसं होतं.

सरजाबाई थोडा वेळ कापडावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "लिंबू हाय का तुझ्या घरी?"

"हाय की."

"आण. मीठ माझ्याकडं हाय. ऊन हाय तवर चोळू. अन् डाग कुठं हाय ते तू बघायचं, हात माझा चालल."

दुसऱ्या दिवशी सगळी रांग कठड्यापासून उठून गेल्यावर शेवटी दोघी गेल्या. बायनाबाईनं गुडघे टेकले. सरजाबाई तिच्या शेजारी उभी राहिली अन् कठड्याला एका हातानं धरून जमेल तेवढी वाकली. ओंजळीला दुसरा हात उरला नव्हता, तर बायनाबाईनं आपला तळवा तिच्या तळव्याला लावला. पाळकसाहेब जरा थांबले, मग त्या ओंजळीत त्यांनी भाकर ठेवली.

सरजाबाईची नजर वेदीकडं गेली. कापड तिला पांढरंशुभ्र दिसत होतं, पण ते तर कालही दिसलं होतं.

"गेला का डाग?" तिनं ओठांतल्या ओठांत विचारलं.

"बराचसा."

"बराचसा म्हंजी?"

"गप ऱ्हावा आक्का, प्याला आला."