टेबलावर चढलेला पारखी

वेंडेल स्टॉफरचे गुडघे अख्ख्या ओहायोत बदनाम होते. खुर्चीतून उठताना ते असे कडकडत, की शेजारी जेवणारी माणसं वळून बघत. तरुणपणी फुटबॉल खेळला, अमेरिकेतला, हातानं चेंडू फेकायचा तो, आणि पुढं जन्मभर मोटारीत बसला, त्याचं हे फळ. वेंडेल पारखी होता. गावोगावच्या कॉलेजांत जाऊन पोरांचा खेळ बघायचा, आणि त्यातला कोण आपल्या व्यावसायिक संघात टिकेल ते ऑफिसात सांगायचं, हा त्याचा धंदा. सांगितलेलं खरं निघालं तर कौतुक प्रशिक्षकाचं, खोटं निघालं तर शिव्या पारख्याला. करा आता काय करायचं ते.

त्याच्या संघात थोरल्या मालकांनी घालून दिलेली एक रीत होती. वसंतात निवड असते, सगळे संघ पाळीपाळीनं कॉलेजातली पोरं उचलतात. ती जवळ आली की सगळे पारखी एका लांबलचक टेबलाभोवती बसत. एखाद्या पोरासाठी आपली नोकरी पणाला लावायची असेल, तर पारख्यानं बूट काढून टेबलावर उभं राहायचं. दुसऱ्या संघांत ‘याच्यासाठी टेबलावर चढतो’ असं नुसतं बोलतात, इथं खरोखर चढावं लागे. टेबलावरून सांगितलेला पोरगा फसला तर पहिल्या वेळी माफी. दुसऱ्यांदा फसला तर पारख्यानं आपलं सामान उचलायचं.

वेंडेलची पहिली माफी वापरून झाली होती. फार वर्षांपूर्वी एका क्वार्टरबॅकसाठी तो चढला होता. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा मेंदू. चेंडू त्याच्या हातात येतो, समोरचे राक्षस त्याला लोळवायला धावतात, आणि तेवढ्यात त्यानं ठरवायचं की चेंडू कुणाकडं फेकायचा. वेंडेलचा तो पोरगा इतका लांब फेकायचा की बघणाऱ्याचं भान हरपावं. पुढं कळलं, की लांब फेकता येतं, पण कुणाला फेकायचं ते काही त्याला उमगत नाही. झालं! तेव्हापासून वेंडेलला कुणी क्वार्टरबॅकबद्दल विचारीना. त्याला पाठवायचे ते धिप्पाड पोरं बघायला, जी क्वार्टरबॅकच्या पुढं भिंतीसारखी उभी राहतात. वेंडेल जायचा, बघायचा, गप्प बसायचा. पण आत ते सलत होतं. जन्मभर पारख केली आणि मरताना लोक म्हणणार, हाच तो, ज्यानं त्या ढेकळाला हिरा म्हटलं.

त्या नोव्हेंबरात तो असाच एक धिप्पाड गडी बघायला एका आडगावच्या कॉलेजात गेला. संगतीला बायको होती, मार्लीन. तिला खेळाशी काही देणंघेणं नव्हतं. तिची भाची क्लारा कॉलेजच्या बँडमध्ये भलामोठा भोंगा वाजवायची, म्हणून ती ब्लँकेट आणि गरम चॉकलेटचा थर्मास घेऊन आली होती. वारा असा, की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं.

वेंडेलचे डोळे त्या धिप्पाड गड्यावर. सगळं मैदान चेंडू बघतं, हा बघत होता चेंडू हलायच्या आधी गडी कसा उभा राहतो ते. आणि त्याला काहीतरी खटकलं. गडी पवित्रा घ्यायचा, मग मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर टपली मारायचं, आणि तो पाऊलभर डावीकडं सरकायचा. चेंडू सुटला की समोरचा राक्षस नेमका तिथूनच यायचा. एकदा झालं, दोनदा झालं, दर वेळी होऊ लागलं. ही टपली मारतो कोण?

मारत होता क्वार्टरबॅक. इझाया टिबेट्स. उंची बेताची, हाताचा पंजा चेंडूच्या मानानं लहान, फेक साधीच. टपली मारून झाली की तो एका गड्याला बोटानं पलीकडं पाठवायचा, दुसऱ्याच्या कानात काही सांगायचा. मग चेंडू घेऊन अशा माणसाकडं टाकायचा ज्याच्या आसपास चिटपाखरू नाही. लोक म्हणत, एवढं मोकळं माणूस असेल तर माझी आजीसुद्धा फेकेल. अहो, पण ते माणूस मोकळं केलं कुणी?

दुसऱ्या दिवशी वेंडेलनं त्याला अंडी आणि पॅनकेक खायला नेलं. शत्रूचा बेत तुला आधीच कसा कळतो, असं विचारल्यावर पोरगा लाजला. मिठाची बाटली इकडं, केचपची तिकडं असं मांडत हळू आवाजात म्हणाला, "त्यांचा हा गडी धावून येणार असला की टाच उचलतो, सर. आणि हा मागचा, येणार नसला की उगाच डरकाळ्या फोडतो."

"हे तू आजवर कुणाला सांगितलं का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही. येतात, पंजा मोजतात, जातात."

वेंडेलचे डोळे लकाकले. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पुन्हा पोराच्या प्रेमात पडलो की काय, म्हणून त्यानं गुपचूप आणखी सामने पाहिले. प्रत्येक वेळी तेच.

ऑफिसात तोंड उघडलं मात्र, आणि हशा झाला. फिल्म बघणारा प्रेस्टन नावाचा एक चुणचुणीत तरुण होता. त्यानं इझायाच्या सगळ्या फेकी दाखवल्या. मोकळा गडी, सोपी फेक. मोकळा गडी, सोपी फेक. यात कौतुक कसलं? आणि गंमत बघा, प्रेस्टन खोटं बोलत नव्हता. कॉलेजांकडून येणारी फिल्म कापून येते. गडी उभे राहतात, कुजबुजतात, सरकतात, तो रिकामा वेळ बघायचा कुणी? म्हणून चेंडू हलायच्या क्षणापासून पुढचं तेवढं ठेवतात. सगळे पारखी तेच बघतात आणि सगळे तिथंच फसतात. इझायाची सारी करामत त्या कापून टाकलेल्या भागात होती. त्या कॉलेजाचे सामने टीव्हीवर दाखवतो कोण! मुख्य व्यवस्थापक बेलामी एवढंच म्हणाला, की वेंडेल, तू आपल्या धिप्पाडांवर लक्ष ठेव. शब्द सौम्य होते, पण वेंडेलची भूक मेली.

घरी आला तर मार्लीन फोनवर बँडची चलच्चित्रं बघत बसलेली. सामन्यागणिक तिनं भाचीचा भोंगा टिपला होता. वेंडेल करवादला, की जरा आवाज कमी कर. मग पाणी प्यायला जाता जाता सहज वाकून बघितलं, आणि पेला हातातच राहिला.

बँड वाजतो तो दोन डावांच्या मधे, खेळ थांबलेला असताना. संघ चेंडूपाशी येऊन उभा राहिला की नियमानं बँडला थांबावं लागतं. बँड थांबला की मार्लीननं चित्रण थांबवायला हवं होतं, पण तिचा अंगठा मुलखाचा मंद. बटण सापडेस्तोवर चेंडू हललेला असायचा. बँड बसायचा मैदानाच्या पलीकडच्या काठाला, त्यामुळं भोंग्याच्या पुढ्यातच इझाया! टपली मारतोय, बोट दाखवतोय, कानात सांगतोय. ऑफिसातली फिल्म जिथं सुरू होत होती, तिथं मार्लीनची संपत होती.

"मार्लीन," वेंडेल म्हणाला, "तुझा अंगठा सोन्यानं मढवतो."

"आधी गळका नळ दुरुस्त कर," ती म्हणाली.

सकाळी त्यानं फोन प्रेस्टनच्या पुढं ठेवला. पोरगं आधी कंटाळून बघत होतं, मग खुर्ची पुढं ओढली. त्यानं मार्लीनचे तुकडे आणि ऑफिसातले तुकडे एकापुढं एक जोडले, आणि जोडता जोडता त्याचे कान लाल झाले. "मी हे सगळं उलटं बघत होतो," तो म्हणाला. शहाणा मुलगा. चूक कळल्यावर तोंड लपवलं नाही, उलट दार लावून कामाला लागला.

निवडीच्या आधीची बैठक. इझायाचं नाव आलं, आणि बेलामी पुढच्या नावाकडं वळणार तोच वेंडेलनं बूट काढले. त्याच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. आधी खुर्चीवर एक पाय, मग दुसरा. गुडघे कडकडले. प्रेस्टननं हात पुढं केला, तो त्यानं घेतला नाही. हुश्श करून म्हातारा टेबलावर उभा राहिला.

बेलामी हळू आवाजात म्हणाला, "वेंडेल, तुझी माफी संपलीय. ठाऊक आहे ना? उतर खाली, पडशील."

"आधी बघा, मग उतरतो."

प्रेस्टननं जोडलेली फिल्म लावली. भोंग्याचा भों भों आवाज, लोक हसले. मग टपली, बोट, कुजबुज, आणि मोकळा गडी. पुन्हा भों भों, पुन्हा टपली. हळूहळू हसू विरलं. बेलामी उठून पडद्याच्या जवळ गेला. "पोरानंच मोकळा केला त्याला," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "परत लाव." परत लावली. वेंडेल सगळा वेळ वर उभा, खाली बसेल तर शपथ.

इझायाला त्यांनी निवडलं. फार मागून निवडलं, पेपरवाल्यांनी टर उडवली, पंजाची चित्रं छापली. एक अख्खा हंगाम पोरगा बाकावर बसला, आणि वेंडेलची नोकरी त्याच्याबरोबर बाकावर बसली. दुसऱ्या हंगामाच्या अखेरीस पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा निखळला. सामना घरच्या मैदानावर, संघ मागं पडलेला, वेळ संपत आलेली. इझाया मैदानात उतरला आणि थोडं थोडं करत चेंडू पुढं पुढं नेत गेला. आता शेवटचा डाव. एवढा साधला तर विजय.

आपला क्वार्टरबॅक चेंडूपाशी उभा राहिला की घरचं मैदान चिडीचूप होतं, त्याचे इशारे गड्यांना ऐकू जावेत म्हणून. हजारो माणसं श्वास धरून. वेंडेल आणि मार्लीन ब्लँकेटात बसले होते. इझायानं नजर फिरवली, दोन पावलं पुढं झाला आणि आपल्या पुढच्या धिप्पाडाच्या पाठीवर टपली मारली.

त्या शांततेत कडकड आवाज झाला. लोकांनी वळून पाहिलं तर एक म्हातारा बाकावर चढून, हात वर करून उभा. चेंडू अजून हललासुद्धा नव्हता. मागचा एकजण खेकसला, की ए बाबा, खाली बस, अजून काही झालेलं नाही.

"झालं," वेंडेल म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "जिंकलो आपण."

मग चेंडू सुटला, पलीकडच्या कोपऱ्यात एक गडी एकटाच उभा होता त्याच्या हातात जाऊन पडला, आणि अख्खं मैदान वेंडेलच्या उंचीला आलं. मार्लीन भों भों रडत होती आणि एका हातानं नवऱ्याचा पट्टा घट्ट धरून होती, म्हातारा पडू नये म्हणून.