बद्द वाजणारी वाटी

दुकानात भांडं घ्यायला येणाऱ्या दहा जणांतले नऊ जण वाटी मुठीत गच्च आवळतात, वरून टिचकी मारतात आणि तोंड वाकडं करतात. म्हणे आवाज बरोबर नाही. अरे, गळा दाबल्यावर तू तरी बोलशील का? कांशाची वाटी तीन बोटांच्या टोकांवर पेलायची असते, काठ मोकळा ठेवून. काठ थरथरतो म्हणून नाद होतो, त्याला बोट लागलं की नाद मेला. एवढं कळायला शाळा लागत नाही. पण गाढवाला गुळाची चव काय? मी त्यांना स्टीलची वाटी दाखवतो, आणि ते खूश होऊन घरी जातात.

आम्ही डिचोलीचे कासार. समया, घंटा, वाट्या ओतण्यात माझी चाळीस वर्षं गेली. हल्ली भट्टी मुलगी सांभाळते आणि माझ्याकडे एकच काम उरलंय, ऐकायचं. प्रत्येक भांड्याला स्वतःचा सूर असतो. रस्त्यावरून खनिजाचा ट्रक गेला की आमच्या मांडणीतलं एकच ताट गुणगुणायला लागतं, बाकीची गप्प, कारण ट्रकाच्या घुरघुरीत नेमका त्याचाच सूर सापडतो. शेजारणीला वाटतं ताटात कुठलंसं भूत, देवचार शिरलाय. तिला समजावणं मी सोडून दिलं. तर ओतताना वाटीत हवा अडकली किंवा बारीक तडा राहिला, की सूर टिकत नाही, लगेच पडतो. त्याला आम्ही बद्द म्हणतो. मी बद्द म्हटलं की ती वाटी परत मुशीत, वितळायला. त्यावर आमच्या घरात कोणी वाद घालत नाही.

गेल्या वर्षी पेडण्याच्या टोकाला, केरीच्या किनाऱ्यावरून एक पांढऱ्या कपड्यांतला गृहस्थ आला. तिथे तो नादाने माणसं बरी करतो. म्हणजे माणसाला चटईवर आडवं करायचं, पोटावर वाटी ठेवायची आणि वाजवायची. आमच्या आयांनी कांशाच्या वाटीने तळपाय घासून ताप उतरवले, पण त्याला कोणी उपचार म्हटलं नाही आणि डोळेही मिटले नाहीत. या शहाण्याला बारा वाट्या हव्या होत्या, चार मोठ्या आणि आठ लहान. पसंत पडल्या तर दर महिन्याला काम देणार होता. मी त्याला दारातूनच वाटेला लावणार होतो, पण मुलगी मध्ये पडली. मशीनच्या मालाने आमच्या समया खाल्ल्या होत्या. हे काम मिळालं तर भट्टी पेटती राहील, नाहीतर मी कारखान्यात पॅकिंगला जाईन, असं तिने स्वच्छ सांगितलं.

जाड सुराच्या मोठ्या चार वाट्या पहिल्याच खेपेला पास झाल्या. बारीक सुराची लहान मात्र एकही धड निघेना. चिंचेच्या काठीने ठोका दिला की टण् व्हायचं आणि लगेच संपायचं. बद्द. मी आठही परत मुशीत टाकायला लावल्या. दुसरी खेप, बद्द. तिसरी, बद्द. मुलगी म्हणाली की कदाचित भट्टीच्या मांडवात गोंगाट आहे, म्हणून आपण आत जाऊन ऐकू. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. कथलाचं प्रमाण चुकतंय, हात थरथरतोय, लक्ष दुसरीकडे आहे, असं तोंडाला येईल ते तिला ऐकवलं. ती परत भट्टी पेटवायची.

त्याच दिवसांत बायकोनेही उच्छाद मांडला होता. कळशी भरत आली की पाण्याचा आवाज चढत जातो, ते मी खोलीत बसून ओळखायचो आणि नळ बंद करायला उठायचो. आता कळशी दोनदा भरून वाहिली. मी नळाला शिव्या दिल्या. ती म्हणाली, कानाच्या डॉक्टराकडे चला. कासाराचे कान डॉक्टर काय तपासणार?

शेवटी चार मोठ्या वाट्या घेऊन आम्ही दोघं केरीला गेलो. त्या गृहस्थाने वाजवून बघितल्या, बऱ्या आहेत म्हणाला, पण लहान कुठे? मी काही बोलायच्या आत मुलीने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक लहान वाटी काढली. मी ती ओळखली. तिसऱ्या खेपेतली, मीच बाद केलेली. माझं डोकं फिरलं. लोकांसमोर बद्द माल दाखवते?

त्याने वाटीत थोडं पाणी घातलं, मेजावर ठेवली आणि काठावर हलका ठोका दिला. टण्. संपलं. मी छद्मी हसलो. तो आणि त्याच्या हाताखालच्या दोन बाया डोळे मिटून बसले होते. ढोंगी कुठले, मी मनात म्हटलं. मग माझी नजर वाटीत गेली. काठाजवळच्या पाण्यावर बारीक सुरकुत्या उठत होत्या. वारा नव्हता, मेजाला कोणाचा हात नव्हता. मी वाकून कान लावला. काहीच नाही, आणि पाणी मात्र थांबेना.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. अशाच आठ हव्यात, तो म्हणाला.

परत येताना पेडण्याच्या स्टँडवर बसची वाट बघत मी मुलीला विचारलं, बाकीच्या सगळ्या अशाच वाजत होत्या का? तिने होकारार्थी मान हलवली. तीन खेपा? तिने परत तशीच मान हलवली. मग वितळवल्यास कशाला, मी ओरडलो. ती माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि कानाजवळ, जरा मोठ्याने बोलली. तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिने ती अशीच बसत आली आहे.

"बाबा, तुमका आयकाक येत नाय असा सांगण्यापरीस वाट्यो वितळवणा सोपा होता."

आठ दिवसांनी नवी खेप निघाली. तिने पहिली वाटी पुसली, तीन बोटांवर पेलली आणि नेहमीसारखी चिंचेची काठी माझ्यापुढे धरली. मी काठी घेतली, वाटीला ठोका दिला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"सांग," मी म्हटलं.