मास्तरांची कंबर

सात! साखरेचा आकडा सातच्या खाली आला तरच इन्सुलिनची सुई टळणार होती. टेलरमास्तर सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर पाय हलवत बसले होते आणि बायको त्यांचा गुडघा दाबून धरत होती. "अहो, अख्खा बाक हलतोय!"

गोष्ट दीड वर्षांची. मास्तरांचा पाठचा भाऊ, वीस वर्षं समोरच्या मशीनवर बसलेला, आजारपणात गेला. मास्तर रडले नाहीत, दुकानही बंद ठेवलं नाही. फक्त गप्प झाले. झोप उडाली, चालणं सुटलं, खणात गोड बिस्किटांचे पुडे आले. कंबर वाढली. तुम्हा-आम्हाला पँट आवळली की कळतं हो! पण हा पडला शिंपी. पँट आवळली की पठ्ठ्या मागची शिवण उसवायचा, आतलं जादा कापड मोकळं करायचा, दहा मिनिटांत पँट परत ऐसपैस. असं एकदा नाही, चार वेळा! साऱ्या गल्लीची मापं तोंडपाठ, स्वतःचं कधी घेतलंच नाही.

चक्कर येऊन मशीनवर डोकं टेकलं, तेव्हा कुठे तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर साडेनऊ! डॉक्टरबाईंनी आधी झोपेबद्दल विचारलं, मग भावाबद्दल. म्हणाल्या, "मन खचलं की शरीरही ताणात राहतं. झोप बिघडते, पोट सुटतं, साखर चढते. आणि चढलेली साखर मनाला आणखी खाली ओढते. उपचार दोन्हींवर करू."

"मला काय वेड लागलंय?" मास्तर भडकले.

"वेड नाही. उदासीचा आजार आहे."

साखरेचं कुणालाही सांग, याचा मात्र चकार शब्द काढायचा नाही, अशी त्यांनी बायकोला तंबी दिली. पण गोळ्या घेतल्या, समुपदेशकापुढे एकदाचे धाय मोकलून रडले, रोज बायकोबरोबर फिरायला जाऊ लागले.

आणि आज हाक आली. डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला. सहा पूर्णांक आठ!

"अगं बाई!" बायकोनं टाळीच वाजवली. मास्तर दार उघडून थेट बाहेर. बाकावर सगळी ओळखीची माणसं, निम्म्यांचे शर्ट त्यांनीच शिवलेले.

"सुई टळली!" मास्तर ओरडले. "अहो, नुसती साखर नव्हती! भाऊ गेल्यापासून मला उदासीचा आजार होता. गोळ्या चालू आहेत अजून!"

बाकावरच्या साऱ्या माना वळल्या. बायकोनं डोळे मिटून घेतले. मग कोपऱ्यातला गलेलठ्ठ बेकरीवाला उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, आमची ही गेल्यापासून मला झोप नाही. आत काय म्हणून सांगायचं?"

"हेच सांगायचं," मास्तर म्हणाले, आणि त्याचा हात धरून आत घेऊन गेले.