दोन टकळ्या

वालूरला आमच्या घरी टकळीचे दोन अर्थ होते. अप्पा, म्हणजे माझे वडील, गळ्यातल्या इष्टलिंगाचा दोरा स्वतः टकळीवर कातत. मी शेजारी बसून स्वतः लिहिलेली पत्रकं मोठ्यानं वाचायची, देवाधर्मावर तुटून पडायची. अप्पा हसून म्हणत, "बाई, तुजी टकळी थांबीव जरा. माज्या टकळीचा दोरा तुटायलाय."

यंदा अप्पांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली, उजवा हात गेला. परवा त्यांच्या गळ्यातला दोरा झिजून तुटायला आला. आई म्हणाली, "दुकानातून आन की." अप्पांनी नकारार्थी मान हलवली, डाव्या हातानं कोनाड्यातली टकळी दाखवली आणि मग माझ्याकडं बोट केलं.

मी लिंग घालणं केव्हाच सोडलंय. त्यावर माझं एक पत्रकही आहे. तरी टकळी घेतली आणि कापसाच्या पेळूतून सूत ओढलं. तुटलं, पुन्हा जोडलं. आत श्रद्धेसारखं काहीच हलत नव्हतं. अप्पा माझ्या हाताकडं बघतच नव्हते, तोंडाकडं बघत होते. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या हाताची बोटं ओठांपुढं बडबडीसारखी उघडमीट केली आणि पुन्हा माझ्याकडं दाखवलं. त्यांना माझी दुसरी टकळीही चालू हवी होती.

सूत निघत राहिलं. मला मात्र एकही शब्द फुटला नाही.